हिच्याशी जुळत नाही

आधीच सांगते, ही गोष्ट रात्रीची नाही.

वादळ नव्हतं. वीज गेलेली नव्हती. कुत्री रडत नव्हती. बुधवार होता, दुपारचे पावणेतीन वाजले होते आणि बाहेर लख्ख ऊन पडलं होतं.

आणि ही ऐकीव गोष्टही नाही. माझ्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत घडलेली आहे. तिने मला सांगितली तेव्हा आम्ही दोघीच होतो, आणि मधे एकदाही ती हसली नाही.

मावशीचा धंदाच मुळी खरं-खोटं निवडायचा. जुनी नाणी ओळखायची, त्यांची किंमत ठरवायची. संग्राहक तिच्याकडे लांबून येतात. तिच्या पर्समध्ये लिपस्टिक सापडणार नाही, पण भिंग, छोटा वजनकाटा आणि सुती हातमोजे हमखास सापडतील. आमच्याकडे तिला कुणी कधी बाजारात पाठवत नसे. दुकानदाराने सुटे पैसे परत दिले की बाई तिथेच उभी राहून त्यांचे काठ बघायची!

अशी बाई थाप मारेल?

मारली होती. एकदाच.

त्या एका थापेचीच ही गोष्ट आहे.

त्या आठवड्यात तिला एका अनोळखी माणसाचा फोन आला. म्हणाला, "बाबा तीन आठवड्यांपूर्वी गेले. दाताचे डॉक्टर होते. आम्ही हे घर सोडतोय. त्यांची नाणी आहेत, ती एकदा बघून द्याल का?"

"माझा नंबर कुणी दिला?"

"बाबांच्या वहीत होता. पहिल्याच पानावर."

मावशीला दाताचे कुणी डॉक्टर आठवेनात. पण धंद्यात असं होतंच. ती हो म्हणाली.

घर दुसऱ्या मजल्यावर होतं. दार उघडं. हॉलमध्ये खोक्यांचे ढीग. मुलगा चाळिशीचा, गुडघ्यावर बसून खोक्यांना चिकटपट्टी लावत होता. टर्र... टर्र... सून स्वयंपाकघरातली भांडी कागदात गुंडाळत होती.

डॉक्टरांचा दवाखाना घरातच होता, अगदी मागच्या खोलीत. सूनच मावशीला आत घेऊन गेली.

"इथे अजून दवाखाना चालतो?"

"छे हो. दहा वर्षं झाली बंद करून. एक दिवस पेशंट खुर्चीत बसलेला असताना बाबांनी हत्यार खाली ठेवलं. म्हणाले, माझ्या डोळ्यांवर माझाच भरवसा राहिला नाही, लोकांच्या तोंडात हत्यार घालायची भीती वाटते."

"मोतीबिंदू?"

"काही नाही! दोन ठिकाणी तपासले. डोळे ठणठणीत. पण ऐकायलाच तयार नाहीत. मग दिवसभर इथे बसून नाणी वाजवायचे." सुनेने आवाज खाली आणला. "खोटं कशाला बोलू, आम्ही त्यांना जरा वेड्यातच काढलं होतं."

दार जड होतं, वरच्या अर्ध्या भागात धुरकट काच. सून बाहेर पडली आणि ते तिच्या मागे आपसूक मिटलं.

खोली लहान होती. मधोमध दाताची खुर्ची. तिच्या शेजारी चूळ भरायचं गोल भांडं, नळ गंजलेला. डॉक्टरांचं चाकांचं स्टूल. एक खिडकी, तिला जाळी. भिंतीला पांढरं पत्र्याचं कपाट, बारा उथळ खणांचं. एकेकाळी तिथे चिमटे आणि आरसे असतील. आता नाणी होती.

मावशी खूश झाली. इतका नीटनेटका संग्रह क्वचित बघायला मिळतो. प्रत्येक नाणं छोट्या कागदी पाकिटात. पाकिटावर बारीक अक्षरात वजन, व्यास, काठ, झीज. एकही चूक नाही. भल्याभल्यांना कळत नाहीत अशी दोन नाणी डॉक्टरांनी बरोबर ओळखली होती.

बाहेर चिकटपट्टी टर्र करत होती. आत मावशी एकेक नाणं वाजवत होती.

ही तिची जुनी सवय. नाणं बोटाच्या टोकावर तोलायचं आणि दुसऱ्या नाण्याने हलकेच टिचकी द्यायची. चांदीचं, ठशाखाली ठोकलेलं नाणं असेल तर बारीक, लांब नाद उठतो. साच्यात ओतलेलं खोटं नाणं बहुतेक वेळा बद्द वाजतं. मडक्यावर बोट मारावं तसं.

सगळी खणखणीत वाजली.

मग तिने नववा खण ओढला.

नऊ पाकिटं. आणि नऊही पाकिटांत एकच नाणं.

एका बाजूला राजाचं तोंड, दुसऱ्या बाजूला शिडांचं जहाज. टाकसाळीत एका वर्षी ठसा उलटा बसला होता, त्यातली ही नाणी. राजाचं तोंड सरळ धरून नाणं पुस्तकाच्या पानासारखं उलटवलं की जहाज डोक्यावर उभं दिसतं. शिडं खाली, तळ वर. सहजी मिळत नाहीत. नऊ जमवायला डॉक्टरांचं अर्धं आयुष्य गेलं असणार.

तिने पहिलं पाकीट वाचलं.

'वजन जास्त. काठावर रेघ नाही. राजाच्या गालावर खड्डे नाहीत. खोटं. हिच्याशी जुळत नाही.'

मावशी बुचकळ्यात पडली. तिने भिंग लावलं. नाणं शंभर टक्के अस्सल होतं!

दुसरं पाकीट. 'खोटं. हिच्याशी जुळत नाही.'

अस्सल.

तिसरं. चौथं. सगळ्यांवर तेच... हिच्याशी जुळत नाही. हिच्याशी जुळत नाही. शेवटच्या दोन पाकिटांवर अक्षर थरथरलेलं होतं. पेन इतकं दाबलं होतं की कागद फाटला होता.

आणि नऊच्या नऊ नाणी अस्सल.

इतका जाणकार माणूस नेमका इथेच कसा चुकला? आणि ही 'हिच्याशी' म्हणजे कोण?

याचं उत्तर बाराव्या खणात होतं.

कवळी ठेवायची जुनी डबी. आत कापूस, कापसावर तेच जहाजाचं नाणं. खाली घडी घातलेली चिठ्ठी.

'हिने दिलेलं. अस्सल. बाईंनी स्वतः बघून सांगितलं.' खाली एकोणीस वर्षांपूर्वीची तारीख. आणि मावशीचा नंबर.

मावशीने तारीख पुन्हा वाचली.

आता तिला सगळं आठवलं.

तेव्हा ती जुन्या वस्तूंच्या एका दुकानात नोकरीला होती. संध्याकाळी एक गृहस्थ आले होते. शर्टाची बटणं वरखाली लावलेली. दवाखान्यातल्या पट्टीच्या कापडात गुंडाळलेलं एक नाणं त्यांनी काउंटरवर ठेवलं. म्हणाले, बायकोने दिलं. चार वर्षं शिवणकाम करून पैसे साठवले होते तिने. पन्नासाव्या वाढदिवसाला दिलं. तिला जाऊन अजून महिनाही झाला नाही.

मग त्यांनी एवढंच विचारलं होतं...

"खरं आहे ना?"

मावशीला भिंगाचीही गरज पडली नव्हती. काठावर केसाएवढी सांध्याची रेघ. गालावर सुईच्या टोकाएवढे खड्डे. साच्यात ओतलेलं, सरळ सरळ खोटं नाणं. त्या बिचारीला कुणीतरी फसवलं होतं.

मावशीने त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाली,

"उत्तम आहे. जपून ठेवा."

दया आली, दुसरं काय. त्यांनी तिचा नंबर लिहून घेतला, आणि घरी जाईपर्यंत ती विसरूनही गेली.

डॉक्टर मात्र विसरले नाहीत. त्यांनी ते नाणं प्रमाण मानलं. पुढे मिळालेलं प्रत्येक खरं नाणं त्याच्याशी ताडून बघितलं, आणि प्रत्येक खरं नाणं खोटं ठरलं. डोळे एक सांगत होते, बाईंचा शब्द दुसरं. शेवटी त्यांनी डोळ्यांना खोटं ठरवलं.

आणि दवाखाना बंद केला.

मावशीने मग जे केलं ते तिने मला मान खाली घालून सांगितलं.

तिने चिठ्ठी उचलली आणि पर्समध्ये टाकली. नऊ नाणी अस्सल म्हणून लिहायची, या एकाबद्दल चकार शब्द काढायचा नाही. डॉक्टर तर गेले. आता कुणाला काय फरक पडतो?

तिने पर्सची चेन ओढली.

चेनचा आवाज आला नाही.

तिने पुन्हा ओढली. उघड... बंद... काहीच नाही.

तेव्हा तिच्या लक्षात आलं. चिकटपट्टीची टर्र थांबली होती. भांडी वाजत नव्हती. रस्त्यावरची वाहनं ऐकू येत नव्हती.

कानाला दडे बसले असतील. तिने बोटं घालून कान हलवले. टाळी वाजवली.

हातांना झिणझिण्या आल्या. आवाज... नाही.

घाबरून तिने एक अस्सल नाणं बोटावर घेतलं आणि टिचकी दिली. नाणं थरथरलेलं बोटाला कळलं. पण नाद उठलाच नाही.

मावशी दाराकडे धावली. मूठ फिरली. दार हललं नाही. तिने खांदा लावला. दार भिंतीत चुना भरून बसवल्यासारखं गच्च.

काचेपलीकडे सावल्या दिसत होत्या. मुलगा वाकून खोकं उचलत होता. सून इकडून तिकडे जात होती. चार पावलांवर!

"अहो! दार उघडा!"

तोंड हललं. गळा ताणला गेला. आवाज मात्र तिलाच ऐकू आला नाही.

ती दोन्ही हातांनी दार बडवू लागली. सावल्यांनी मानसुद्धा वळवली नाही.

मग फोन आठवला. तिने डॉक्टरांच्या मुलाचा नंबर लावला. काचेपलीकडच्या सावलीने खिशातून काहीतरी काढलं, कानाला लावलं. मावशी फोनमध्ये जीव तोडून ओरडली. मी आत अडकलेय, दार उघडा, दार उघडा!

सावलीने शांतपणे ऐकून घेतलं. मान हलवली. फोन खिशात ठेवला.

आणि पुन्हा खोकं उचललं.

मावशी खिडकीकडे धावली. हवा कोंदट वाटायला लागली. खिडकीची काच सरकेना. खाली भर उन्हात माणसं ये-जा करत होती, एकही वर बघत नव्हतं.

आणि तेवढ्यात मागून आवाज आला...

बद्द.

इतक्या वेळानंतरचा पहिला आवाज.

ती वळली. डबी रिकामी होती. नाणं आता खुर्चीला जोडलेल्या ताटलीत होतं, जिथे डॉक्टर हत्यारं मांडतात तिथे.

बद्द.

नाणं हललं नव्हतं. जवळ कुणी नव्हतं.

बद्द.

खुर्चीची तार भिंतीतून काढून गुंडाळून ठेवलेली होती. तरी खुर्चीची पाठ हळूहळू मागे जायला लागली. जाता जाता थांबली. मग डोकं टेकायच्या उशीत एक खळगा पडला. हाताच्या दांडीवरचं रेक्झीन दबलं. जसं कुणीतरी ते घट्ट धरलंय... दात काढायच्या आधी पेशंट धरतो तसं.

भिंतीला चिकटून तिने ओठ हलवले. जे तोंडात आलं ते म्हणाली.

उत्तम आहे. जपून ठेवा.

बद्द, बद्द, बद्द, बद्द... आवाज भराभर व्हायला लागला. तिने पेन काढलं, एका कोऱ्या पाकिटावर 'अस्सल' लिहिलं, खाली सही केली, ताटलीत ठेवलं. आवाज आणखी वाढला. तिच्या दातांत, कवटीत वाजायला लागला. श्वास पुरेना.

किती वेळ गेला तिला सांगता येत नाही.

शेवटी तिने भिंत सोडली. समोर डॉक्टरांचं स्टूल होतं, त्यावर ती बसली. खुर्चीच्या अगदी जवळ, डॉक्टर बसायचे तशी. रिकाम्या उशीकडे बघायचं धाडस होत नव्हतं. तिने ताटलीतल्या नाण्याकडे बघितलं.

"डॉक्टर," ती म्हणाली, "खोटं आहे हे."

तिला स्वतःचा आवाज ऐकू आला.

बाकी सगळं एकदम थांबलं.

"ओतीव आहे. मला त्या दिवशीच कळलं होतं. तुमच्याकडे बघून सांगवलं नाही." तिला रडू फुटलं. "ती नऊ खरी आहेत. नऊच्या नऊ. तुमचे डोळे बरोबर होते, डॉक्टर. मीच..."

बराच वेळ काही झालं नाही.

मग उशीतला खळगा भरून आला. खुर्चीची पाठ हळूहळू सरळ झाली. आणि चूळ भरायच्या भांड्यावरच्या गंजलेल्या नळातून पाणी सुरू झालं. भांड्यात गोल गोल फिरलं. उपचार झाल्यावर पेशंट चूळ भरतो, तेवढाच वेळ.

थांबलं.

बाहेर चिकटपट्टी वाजली. टर्र...

मावशीने दार ओढलं. दार सहज उघडलं.

तिचा अवतार बघून सून पुढे धावली. "अगं बाई! काय झालं? बरं नाही का वाटत?"

"मी केव्हाची हाका मारतेय! दार बडवतेय!"

नवरा-बायकोने एकमेकांकडे बघितलं.

"हाका?" सून म्हणाली. "तुम्ही तर आत बोलत होतात. आम्हाला वाटलं कामाचं काही रेकॉर्ड करताय."

"काय... काय बोलत होते?"

"एकच वाक्य. पुन्हा पुन्हा. अगदी शांतपणे. उत्तम आहे, जपून ठेवा. उत्तम आहे, जपून ठेवा."

"फोनवरही तेच म्हणालात," मुलगा म्हणाला. "म्हटलं, नाणी आवडलेली दिसतात."

मावशीने हात पुढे केले. तळव्यांच्या कडा सुजून लाल झाल्या होत्या.

दवाखान्याच्या नळाचंही तिने विचारलं. त्या खोलीचं पाणी दवाखाना बंद झाला तेव्हाच तोडलं होतं. मुलाने आत जाऊन बघितलं. भांडं ओलं होतं.

मावशीने चिठ्ठी काढून त्याच्या हातात दिली आणि सगळं सांगितलं. एकोणीस वर्षांपूर्वीचं, आणि आजचंही. तो एका खोक्यावर बसून ऐकत होता.

"म्हणजे बाबांचे डोळे चांगले होते," तो शेवटी म्हणाला.

"अगदी चांगले."

सुनेला मात्र राहवलं नाही. "दहा वर्षं, बाई! दहा वर्षं तो माणूस स्वतःला वेडा समजत होता. आणि आम्हीही! एक शब्द खरा बोलला असतात तर काय बिघडलं असतं?"

मावशीने नऊ नाण्यांची किंमत लिहून दिली. चांगली घसघशीत होती. स्वतःचं मानधन घेतलं नाही. आईचं नाणं मुलाने ठेवून घेतलं. नंतर ते लोक कुठे राहायला गेले, तिला माहीत नाही.

हे सगळं मला कसं कळलं, तेही सांगते.

मागच्या वर्षी माझी आई हॉस्पिटलमध्ये होती. मावशीची थोरली बहीण. दुपारी चारची भेटायची वेळ, वॉर्डात ही गर्दी. डॉक्टरांनी आम्हाला बाहेर बोलावून काय ते सांगितलं होतं. आत जाताना मी मावशीचा हात दाबला. आईला काही बोलायचं नाही.

आईने तिलाच विचारलं. "मी बरी होऊन घरी जाणार ना गं?"

मावशीने हसून तोंड उघडलं. आणि तशीच थांबली.

तिने मान जरा कलती केली. कान देऊन काहीतरी ऐकत असल्यासारखी. शेजारून ढकलगाडी खडखडत गेली, समोर एक म्हातारे खोकत होते, कुणाचं तरी मूल भोकाड पसरून रडत होतं. मावशीने कशाकडेच वळून बघितलं नाही; तिचं तोंड पांढरंफटक पडलं.

"नाही, ताई," ती म्हणाली. "सहा महिने म्हणालेत. तेही नक्की नाही."

मी तिच्याशी आठ दिवस बोलले नाही. आईनेच आमचा अबोला सोडवला. नवव्या दिवशी मावशी घरी आली, स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसली आणि तिने हे सगळं सांगितलं.

मी ऐकून घेतलं. पण राग पुरता गेला नव्हता. मी म्हटलं, "मग खोटं नको होतं बोलायला, पण खरंही कशाला बोललीस? नुसती गप्प बसायचीस!"

मावशीने माझ्याकडे बघितलं.

"गप्प बसूनही बघितलंय," ती म्हणाली. "त्यानंतर एकदा."

"मग?"

ती उठली. चपला घातल्या. दाराशी जाऊन थांबली, आता बोलेल असं वाटलं... आणि जिना उतरून निघून गेली.

अजून तिने सांगितलेलं नाही. मीही पुन्हा विचारलेलं नाही.